मक्याचे पान

'पमोन्या' हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा मला वाटले, हे कुणाचे तरी घरातले लाडके नाव असावे. आपल्याकडे प्रमोदचा पम्या होतो. पम्याचा पुढे पमोन्या व्हायला काहीच हरकत नाही. धाकट्या भावाने ब्राझीलहून फोनवर सांगितले, "ताई, आज आमच्याकडे पमोन्या आहे," तेव्हा मी अगदी सहज विचारून बसले, "हो का? किती दिवस मुक्काम आहे त्याचा?" पलीकडे भाऊ इतका हसला की त्याला फोन खाली ठेवावा लागला.

पमोन्या म्हणजे ओल्या मक्याचा एक खाद्यपदार्थ. कणसाचे दाणे किसायचे, त्यात दूध, साखर, तूप घालायचे, ते मिश्रण मक्याच्याच पानात भरून पुडी बांधायची आणि उकळत्या पाण्यात शिजवायची. सांगायला एवढेच. करायला मात्र सबंध दिवस लागतो आणि सबंध कुटुंब लागते. हे मी आता सांगू शकते, कारण २०२४ च्या जून महिन्यात मी स्वतः त्या कुटुंबात बसून हा पदार्थ केला. तो करता करता जे झाले ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. पाककृती ओघाने येईलच.

पण आधी थोडे मागे गेले पाहिजे.

माझा भाऊ साखर कारखान्यातला इंजिनियर. आपल्या महाराष्ट्रात काही वर्षे नोकरी करून तो २००३ साली ब्राझीलला गेला. उसाचा आणि साखरेचा एवढा मोठा देश दुसरा नाही, तेव्हा त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. नवल वाटले ते २००६ साली. गोयास नावाच्या प्रांतातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न ठरवल्याचे त्याने कळवले. (गोयास आणि आपला गोवा यांचा काही संबंध नाही, हे मला त्या वर्षी निदान पन्नास नातेवाइकांना समजावून सांगावे लागले.)

आई तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिने मला बोलावले आणि म्हणाली, "त्याला पत्र लिही. फोनवर मला रडू येईल. तुझं मराठी चांगलं आहे, तूच लिही."

मी तेव्हा नुकतीच कॉलेजात मराठी शिकवायला लागले होते. एम. ए. चा निकाल अजून डोक्यात होता. आई बोलत होती ते सारे तुटक होते, एकात एक मिसळलेले होते. ती म्हणत होती, माझ्या हातचं तिला आवडेल का, तिच्या हातचं मला चालेल का, लोक काय म्हणतील, तो इकडे कधी येईल की नाही, त्याची खोली मी अजून रोज झाडते. मी हे सगळे ऐकून घेतले आणि त्यातून एक नेटके पत्र तयार केले. शेवटच्या ओळी मला अजून पाठ आहेत: "तुझी खोली आहे तशी आहे. तू केव्हाही ये. पण एकटा ये."

आईने पत्र वाचले आणि नुसती मान हलवली. पत्र फार चांगले उतरले होते, आणि त्यात वाईट काही असेल तर तेच. आईच्या तोंडात होता तो राग होता. राग उतरतो. माझ्या लेखणीतून आला तेव्हा त्याचा ठराव झाला.

पुढची सतरा वर्षे भाऊ दर तीन-चार वर्षांनी यायचा आणि एकटा यायचा. त्याला मुलगी झाली, तिचा फोटो आईने देवघराशेजारच्या फडताळात ठेवला. शेवटी शेवटी फोनच्या पडद्यावर नात आणि आजी बोलायच्याही. बोलायच्या म्हणजे एकमेकींकडे बघून हसायच्या. सून मात्र कधी पडद्यासमोर यायची नाही आणि आई तिला बोलाव असे म्हणायची नाही. २०२३ साली आई गेली. भाऊ पोचला तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आईचा हट्टच तसा होता हो. काय करणार?" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटले की मला स्वतःलाच ते खरे वाटू लागले.

पुढल्या वर्षीच्या उन्हाळी सुटीत, थोडी रजा जोडून, मी ब्राझीलला गेले.

गोयानिया हे गोयासच्या राजधानीचे शहर. १९३३ साली आखणी करून वसवलेले. रुंद रस्ते, पुष्कळ झाडी. आपल्याकडे जशी चौकाचौकात वडापावची गाडी, तशी तिथे पमोन्याची दुकाने आहेत. भावाच्या सासुरवाडीचे शेत शहरापासून तासाभराच्या वाटेवर. तांबडी माती, मधूनमधून खुरटी, वाकडीतिकडी झाडे, आणि आकाश एवढे मोठे की आपल्या देशावरची आठवण व्हावी. जून म्हणजे त्यांचा कोरडा हिवाळा. पहाटे चांगली शाल पांघरावी लागे.

गोठ्यात गेले तो काय, समोर लांब कानांची, वशिंडाची गाय रवंथ करीत उभी! मी दचकून भावाकडे पाहिले. तो म्हणाला, "तुझ्याआधी आली आहे ही इथे. गिरोलांदो म्हणतात. आपल्या सौराष्ट्रातली गीर आणि युरोपातली होल्स्टीन, यांचा संकर." ब्राझीलमधल्या दुधाचा फार मोठा भाग या जातीच्या गाई देतात, असे त्याने सांगितले. गीर गाईच्या त्या नातीच्या गळ्याखाली हात फिरवताना मला उगाचच परमुलखात ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

शब्दांचे तर विचारूच नका. माझा पेशाच शब्दांचा. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात मी भावजयीला म्हटले, "बटाटा," तर तिने बटाटा दिला. "चावी" म्हटले तर चावी दिली. पाव, साबण, बादली, सगळे थोड्याफार उच्चाराच्या फरकाने तिला कळत होते, कारण हे सारे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले आहेत आणि तीही पोर्तुगीजच बोलते. काजू हा शब्द तर थेट ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेतला. पोर्तुगीजांनी झाडही आणले आणि नावही आणले. काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी १५०० सालच्या एप्रिलमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच सफरीत पुढे सप्टेंबरमध्ये कालिकतला पोचला. म्हणजे या दोन देशांची सोयरीक माझ्या भावाच्या लग्नाच्या पाचशे सहा वर्षे आधीच जुळलेली होती. आईला हे कुणी सांगायला हवे होते. मला तेव्हा ते ठाऊक होते. मी सांगितले नाही.

पमोन्या हाही तुपी शब्द. चिकट असा त्याचा मूळ अर्थ कोशकार देतात. हल्लीच्या बोलण्यात मठ्ठ, ढिम्म माणसालाही तिकडे पमोन्या म्हणतात. (आमच्या कॉलेजातल्या दोघा-तिघांना हे नाव चांगले शोभेल, पण ते असो.) मक्याच्या पदार्थांची नावे तर विद्यार्थ्यांना परीक्षेत घालावीत अशी गोंधळाची. कणसाचा रस गाळून, दूध-साखर घालून आटवला की साओ पाउलोकडे त्याला म्हणतात कुराऊ. ईशान्येच्या प्रांतांत त्याच पदार्थाला म्हणतात कांझिका. साओ पाउलोत कांझिका मागितली तर पांढऱ्या मक्याच्या सडलेल्या दाण्यांची खीर मिळते, आणि ती खीर ईशान्येला हवी असेल तर मुंगुन्झा मागावी लागते! आपल्याकडे भजी, भजे आणि बोंडे यांवरून गावागणिक वाद होतात, त्यातलाच हा प्रकार.

जूनची १३ तारीख म्हणजे संत अंतोनीचा दिवस. २४ ला संत जुआंव, २९ ला संत पेद्रु. महिनाभर तिकडे शेकोट्या पेटतात, रंगीत कागदांच्या पताका लागतात, आणि मक्याचे पदार्थ होतात. गोव्यात २४ जूनला सांजांव साजरा होतो, डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून माणसे विहिरीत उड्या घेतात, तोच हा संत. गोव्यात तो पाण्यात येतो, ब्राझीलमध्ये आगीशी. गोयासमध्ये खरा कणसांचा हंगाम जानेवारी ते मार्च, पावसाचा. पण हल्ली पाणी देऊन मका केव्हाही काढतात. माझ्यासाठी आणि संत अंतोनीसाठी मिळून भावाच्या सासूबाईंनी त्या तारखेला पमोन्याचा बेत ठरवला. त्यांना सारे व्होव्हो म्हणतात. व्होव्हो म्हणजे आजी.

आदल्या रात्री जेवणे झाल्यावर भाऊ आणि मी ओट्यावर बसलो होतो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, एक सांगायचं राहिलंय. उद्या बोलण्याच्या भरात काही निघायला नको."

"काय रे?"

"तुझं ते पत्र. २००६ चं. पत्र आलं तेव्हा ती समोरच बसली होती. काय लिहिलंय, वाचून दाखव म्हणाली. मी वाचून दाखवलं. पण..."

"पण काय?"

"थोडं स्वातंत्र्य घेतलं. मी सांगितलं की खोली लहान आहे, घराचं काम काढायचं आहे, सोय झाली की बोलावू असं आई म्हणते. तिला अजून तेच ठाऊक आहे. तू उगीच विचारू-सांगू नकोस."

मी काही बोलले नाही. भाषांतराचा पेपर मी गेली वीस वर्षे शिकवते आहे. मूळ लेखकाशी प्रामाणिक राहा, पदरचे घालू नका, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. इतके वाईट आणि इतके चांगले भाषांतर मी तोवर पाहिले नव्हते.

सकाळी सातपासूनच माणसे जमू लागली. भावजयीचे भाऊ, त्यांच्या बायका, शेजारचे दोन म्हातारे, मुलांचा तांडा. अशा मिळून करायच्या कामाला तिकडे मुतिरांव म्हणतात. आपल्या शेतकऱ्यांचा 'इर्जिक' हा शब्द मला आठवला. अंगणात कणसांचा ढीग पडला होता. तीनशेच्या वर असतील. व्होव्होंनी एक कणीस उचलले, एका दाण्यात नख रुतवले आणि मला दाखवले. दुधासारखा पण घट्ट असा रस वर आला. पाण्यासारखा पातळ आला तर कणीस कोवळे, काहीच आले नाही तर जून. दोन्ही पमोन्याला निरुपयोगी.

पुरुषांचे काम कणसे सोलण्याचे. कणसाच्या बुडाशी सुरीने गोल काप देतात, म्हणजे पान न फाटता अखंड सुटते. बाहेरची राठ पाने गुरांना जातात, आतली रुंद, मऊ पाने वेगळी निवडतात. ती निवडायचे काम मुलांना दिले होते आणि पाहुणी म्हणून मलाही. माझ्या अकरा वर्षांच्या भाचीने माझी निवडलेली निम्मी पाने परत तपासून नापास केली. परीक्षकाला परीक्षक भेटला.

मग किसण्या आल्या. पत्र्याला खिळ्याने भोके पाडून तो फळीवर ठोकलेला, वीतभर रुंद, हातभर लांब. बायका ओळीने बसल्या, प्रत्येकीपुढे परात. मी म्हटले, मलाही द्या. भावजय नको नको म्हणत होती, हात सोलवटेल म्हणत होती. पण मी ओढूनच घेतली.

माझ्या आईचे माहेर इंदूरचे. इंदुरात वाढलेल्या मराठी बाईला भुट्ट्याचा कीस येत नाही असे होणार नाही. दर श्रावणात आई कणसे आणायची, किसणीवर किसायची, तुपात मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी करून तो कीस परतायची आणि दूध घालून झाकण ठेवायची. किसायला मी. कणीस उभे धरायचे नाही, तिरपे धरायचे, दाण्याची साल बुडख्याला राहिली पाहिजे आणि गर तेवढा खाली आला पाहिजे. शेवटच्या दोन बोटांच्या अंतरावर आले की टाकून द्यायचे, लोभ करायचा नाही. लोभ केला की बोट जाते. हे सारे आईने मला सात-आठ वर्षांची असताना शिकवले होते. गोयासमधल्या त्या अंगणात माझ्या हाताने ते आपोआप केले. चार कणसे झाल्यावर मी मान वर केली, तर व्होव्हो स्वतःचे काम थांबवून माझ्या हाताकडे बघत होत्या. त्या काही तरी बोलल्या. भाची म्हणाली, "आत्या, आजी विचारते, हे तुला कुणी शिकवलं?"

"माझ्या आईने," मी म्हटले.

व्होव्होंनी मान डोलावली आणि पुन्हा किसू लागल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईचा हात नेमका तसाच चालत होता. तिरपे कणीस, हलका दाब, शेवटचा तुकडा बाजूला. आई आणि व्होव्हो जर एका ओळीत बसल्या असत्या तर कोण कुठली हे हातावरून सांगता आले नसते. त्या बसल्या नाहीत. त्या बसू नयेत याची नेटक्या अक्षरात मी सोय करून ठेवली होती.

किसलेला मका दोन मोठ्या पातेल्यांत जमा झाला. गोयासला तिखट-मिठाची पमोन्या फार प्रिय. तिच्यात चीजचे तुकडे, मिरची आणि डुकराच्या मांसाचे सॉसेज घालतात आणि चरबी कडकडीत तापवून वरून ओततात. आपण चकलीच्या पिठाला मोहन घालतो ना, अगदी तसे. मी शाकाहारी. मी मनाशी ठरवले होते की आपण थोडी साखरेची पमोन्या खाऊ आणि फार चौकशी करायची नाही. इतक्यात भावजय घरातून एक पातेले घेऊन आली. जाड बुडाचे, झाकणाचे, चकचकीत. त्यात तिने वेगळा काढलेला कीस घातला, लोणी कढवून ओतले, दूध, साखर, चिमूटभर मीठ घातले, आणि वेगळाच डाव घेऊन ढवळू लागली.

"एवढं कशाला? नवीन पातेलं काढलंस ना?" मी म्हटले. आमचे बोलणे इंग्रजीत, मोडक्या मराठीत आणि हातवाऱ्यांत चाले.

"नवीन नाही," ती म्हणाली. "जुनं आहे. आईंसाठी घेतलं होतं. लग्न झालं त्या वर्षी. तुमचे भाऊ म्हणाले, आईंना मांसाचं भांडं चालत नाही. म्हटलं, त्या येतील तेव्हा लागेल." ती ढवळत राहिली. "वापरायची वेळच आली नाही."

मग आम्ही दोघी पुड्या बांधायला बसलो. एक पान घ्यायचे, बुडाशी दुमडून त्याचा पेला करायचा, त्यात डावभर मिश्रण ओतायचे, दुसरे पान उलट्या बाजूने टोपीसारखे चढवायचे आणि पानाच्याच फाडलेल्या पट्टीने कंबरेशी बांधायचे. त्या घरची खूण अशी की तिखटाला एक गाठ, गोडाला दोन. माझी पहिली पुडी गळाली. दुसरीही गळाली. तिसरी बांधताना माझे हात थांबले.

मी भावाला शब्द दिलेला नव्हता. दिला असता तरी मोडला असता. मी म्हटले, "ऐक. ते पत्र मी लिहिलं होतं. त्यात खोली लहान आहे असं लिहिलेलं नव्हतं. त्यात..."

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती आपल्या हातातल्या पुडीकडे बघत होती. "लहानसं पत्र होतं ताई. वाचायला ह्यांना किती वेळ लागला! आणि वाचून झाल्यावर पत्र घडी करून खिशात ठेवलं. चांगली बातमी कुणी खिशात ठेवत नाही, टेबलावर ठेवतात." मग तिने माझ्या हातातल्या पानाला बोट लावले. "गाठ घट्ट बांधा, ताई. पाणी शिरेल."

मी गाठ बांधली. दोन बांधल्या. मला क्षमा मागायची होती, पण त्यासाठी जी भाषा लागते ती माझ्या एम. ए. च्या अभ्यासक्रमात नव्हती. आणि एकाएकी मला एक गोष्ट आठवली. आई जायच्या आधी वर्षभर असेल. भाची फोनवर घर दाखवत फिरत होती आणि फिरता फिरता पडद्यावर क्षणभर तिची आई दिसली. ओट्याशी उभी राहून कणीस किसत होती. आईने चष्मा पुसला, फोन जवळ घेतला आणि म्हणाली, "अगं, तिला सांग, बोटं सांभाळ म्हणावं. फार टोकापर्यंत नेते आहे." तेवढ्यात फोन तुटला. मी तो निरोप पुढे सांगितला नाही. इतका क्षुल्लक निरोप काय सांगायचा, असे मला वाटले होते.

आता सांगितला. इंग्रजीत सांगून समाधान होईना, म्हणून आईच्या शब्दांत, मराठीतच सांगितला, आणि मग भाचीला हाक मारून तिच्याकडून पोर्तुगीज करवून घेतला. पदरचे काही घालू नकोस, असे बजावले. पोरीने शब्दाला शब्द लावून सांगितले.

भावजयीने हातातली पुडी खाली ठेवली. स्वतःच्या उजव्या हाताची बोटे पाहिली. तर्जनीच्या टोकावर एक जुना पांढरा वण होता. "बरोबर सांगितलं होतं त्यांनी," ती म्हणाली, आणि पदर नसल्यामुळे खांद्याच्या बाहीला डोळे पुसून पुढचे पान उचलले.

पुड्या नेहमी उकळत्या पाण्यातच सोडायच्या. गार पाण्यात सोडल्या तर मिश्रण जमायच्या आत बाहेर येते. पाऊण तास ते तासभर चांगली उकळी द्यायची. हिरवे पान पिवळे पडले, आणि दाबून पाहिल्यावर पुडी टणक लागली, की झाले. चुलीवरच्या मोठ्या हंड्यात तिखटाच्या पुड्या आणि शेजारी आईच्या पातेल्यात गोडाच्या. संध्याकाळी शेकोटी पेटली, काळी कॉफी आली, आणि पाने उलगडू लागली. आत पिवळीजर्द, मऊ, खांडवीसारखी जमलेली वडी. पानाच्या शिरा तिच्यावर उमटलेल्या. चव? ओला मका, दूध आणि लोणी, आणि वर त्या पानाचा एक कोवळा, गवताळ वास. आईने पहिला घास घेऊन "साखर जरा जास्त झाली" असे म्हटले असते. ती हे सगळ्याच गोष्टींना म्हणायची, आणि मग दुसरी वाढून घ्यायची.

परत आल्यावर त्याच पावसाळ्यात मी घरी पमोन्या करून पाहिली आणि साफ फसले. तुम्ही फसू नये म्हणून सांगते. बाजारात हल्ली जे अमेरिकन स्वीट कॉर्न मिळते ते यासाठी घेऊ नका. त्याच्यात गोडी असते पण पिठूळपणा नसतो, त्यामुळे ते जमत नाही. माझ्या पुड्यांतून शेवटी खीर निघाली. गावठी मका घ्यावा, भाजायला मिळतो तो, नख लावून पारखलेला आणि पानांसकट. आठ-दहा कणसांच्या किसाला पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी दूध, तीन-चार चमचे कडकडीत तूप आणि चिमूटभर मीठ पुरे होते. कणसाच्या गोडीप्रमाणे साखर कमी-जास्त करावी. मिश्रण भज्यांच्या पिठाइतके दाट हवे. पाने बांधण्यापूर्वी गरम पाण्यात बुडवून घेतली तर फाटत नाहीत.

आणि करायला दोघी असाव्यात. एकटीने पान धरून गाठ बांधता येत नाही.

मी २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा एक पत्र लिहिले. या वेळी भावाला लिहिले नाही, भावजयीला लिहिले. मराठीतच लिहिले आणि शेवटी लिहिले की हे भाचीने वाचून दाखवावे, भावाने हात लावू नये. पत्र अगदी साधे होते. विशेषणे मी दोनदा खोडली. "खोली झाडून ठेवली आहे. श्रावणात इथे कणसे चांगली मिळतात. तू आणि लेक, दोघी या. त्याला सवड असली तर तोही येऊ दे."

ऑगस्टमध्ये तिघेही आली. पहिल्या दिवशी भावजय त्या खोलीच्या दारात उभी राहिली. खोली चांगली बारा बाय चौदाची आहे. तिने एकदा खोलीकडे पाहिले, एकदा नवऱ्याकडे पाहिले, आणि मोठ्याने हसली. भाऊ सामान आत ठेवण्याच्या निमित्ताने खाली वाकला तो बराच वेळ वर आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी आईची किसणी माळ्यावरून काढली. तिच्या बॅगेतून ते पातेले निघाले.